पिल्लांचा रकाना

इलेक्ट्रॉनिक सिटी, बेंगळुरू
१२ ऑगस्ट २०२४

अण्णा,

फोन तू आईच्या देव्हाऱ्याशेजारी ठेवून निघून गेलास, तेव्हा पत्राशिवाय इलाज नाही. हंबीररावमामांकडे फोन लागत नाही, म्हणून त्यांचा पत्ता आईकडून घेतला. खानापूरच्या पलीकडे पोस्टमन आठवड्यातून दोनदाच फिरकतो म्हणे, म्हणजे हे फाडायचं की वाचायचं हे ठरवायला तुला भरपूर वेळ आहे.

आई बरी आहे. गुडघे दुखतात, पण सकाळी गॅलरीत उभी राहून फ्लायओव्हरवरच्या बसेसना शिव्या देण्याचा नेम चुकत नाही. तुला जाऊन दोन महिने झाले. माझ्यासमोर ती तुझं नाव काढत नाही आणि माझ्या पाठीमागे विराजला सांगते, 'तुझा योगीमामा लांडग्यांचा मास्तर होता.' मी स्वयंपाकघरातून सगळं ऐकते.

आता मुद्द्याचं. जाताना जिन्यात उभा राहून तू ओरडलास, 'मेघा, माझं कावल तू खाल्लंस.' शेजारचे कृष्णमूर्ती कुलूप लावत होते, त्यांनीही ऐकलं. नशीब त्यांना मराठी येत नाही.

कावल मी खाल्लेलं नाही. होसकोट्याच्या पुढचं होन्नगट्टीचं ते सातशे एकर गवताळ रान गोदामांना देऊन टाकलं, त्या कागदावर माझी सही नाही. माझी सही आमच्या संस्थेच्या अहवालावर आहे, आणि अहवालात तू मोजून दिलंस तेवढंच आहे. सहा वर्षं दर जानेवारीत गवत बसलं की तू लांडगे मोजायचास. ती नोकरी तुला मीच लावली, नाहीतर बाबांच्या टेलरिंगच्या दुकानात काज-बटणं करत बसला असतास. तुझे सहाही फॉर्म आत्ता माझ्यापुढे आहेत. मोठे लांडगे अकरा, बारा, दहा, बारा, अकरा, बारा. मेलेले दरवर्षी दोन-तीन, कोणी हायवेवर गाडीखाली, कोणी विष घातलेल्या मेंढीने. आणि पिल्लांच्या रकान्यात सहाही वर्षं शून्य.

हे आकडे गणितात घातले तर गणित काय सांगणार? दरवर्षी दोन-तीन मरतात, जन्म एकही नाही, तरी संख्या जागच्या जागी. म्हणजे हे बाहेरून येतात. आजूबाजूच्या चार माळांवर लांडगे जन्मतात आणि होन्नगट्टीत येऊन संपतात. आमच्या शास्त्रात अशा जागेला जे म्हणतात, त्याला घरगुती शब्द मोरी. मोरी राखण्यात अर्थ नाही, ते चार माळ राखा, एवढंच मी लिहिलं. वनखात्याला आमच्याकडून तेवढंच हवं होतं: कुठली जागा धरायची, कुठली सोडायची.

पिल्लं होती तर तू ती लिहिली का नाहीस? रकाना समोर होता, पेन खिशात होतं. आता माझ्यावर डोळे वटारून काय उपयोग?

उत्तर पाठव. शिव्या असल्या तरी चालतील.

मेघा


३ ऑक्टोबर २०२४

अण्णा,

तुझी वही पोचली. पाकिटावर मामांचं अक्षर, आत तुझं एक ओळीचंही पत्र नाही. निदान 'पोचली की कळव' तरी लिहायचंस.

वही पुढून चाळली, तेच सगळे जानेवारीचे आकडे. वाटलं, हे मला तोंडपाठ आहे, परत कशाला पाठवलंय. मग आईने भाजी चिरता चिरता म्हटलं, 'योगी मागून लिहितो, दुकानातल्या मापांची वहीसुद्धा मागूनच भरायचा.' मी वही उलटी केली. वर लाल पेनाने 'सव्वा महिन्यानंतर' आणि खाली सहा ओळी. नऊ, आठ, दहा, सात, नऊ, आठ. प्रत्येक ओळीपुढे फेब्रुवारी नाहीतर मार्चची तारीख, कुठल्या बिळात किती, कुठलं लंगडं, कुठलं काळपट. एकूण एक्कावन्न पिल्लं.

मी वही आईपुढे धरली. तिने चष्मा लावून वाचली आणि मलाच विचारलं, 'मग यात चुकलं काय? डोळे न उघडलेल्या जिवाला मोजतात होय गं? दृष्ट लागते. सव्वा महिना झाला की मोजायचं. तुलासुद्धा मी आधी मोजलं नव्हतं, रेशन कार्डावर तू उशिरा चढलीस ती त्यामुळेच.' विराज झाला तेव्हा ती पोलिओची बाई रजिस्टर घेऊन आली होती, आठवतंय? 'घरात किती मुलं' म्हणून विचारलं तर आईने तिला दारातूनच सांगितलं, 'स्वल्प थांब अम्मा, पुढच्या महिन्यात ये.' तू आणि मी आत हसून लोळत होतो.

जे पोरांना तेच लांडग्यांना, असं तू ठरवलंस. जानेवारीत पिल्लं बिळात असायची, पंधरा-वीस दिवसांची. फॉर्म एकतीस जानेवारीला बंद व्हायचा, ती तारीख मी ठरवलेली. फेब्रुवारीत तू मोजायचास तेव्हा भरायला कागदच नसायचा, म्हणून तू वहीच्या मागे लिहीत गेलास. आणि शून्य लिहिताना तुला काही खोटं लिहितोय असं वाटलंच नसणार. तुझ्या दृष्टीने ती अजून मोजायची होती.

अण्णा, जगात कुठल्याच पुस्तकात या चुकीवर उपाय लिहिलेला नाही. पिल्लू दिसत नाही म्हणून मोजायचं राहिलं तर त्याचं गणित आहे. दिसतंय, पण मोजणाऱ्याच्या आईने शिकवलं म्हणून मोजलं नाही, याचं कुठे असणार? आपल्या आईच्या, शकुंतलाबाईंच्या घरात वाढलेलं माणूसच ते ओळखू शकलं असतं. मला ते सुचलं नाही. मला माहीत नव्हतं.

फोनवर एकदा सांगायचंस. एवढं सांगायला तुला काय झालं होतं?

मी वही घेऊन पुन्हा बसते आहे. सगळं नव्याने करते.

मेघा


२१ नोव्हेंबर २०२४

अण्णा,

पंधरा दिवस लागले. एक्कावन्न पिल्लं त्यांच्या त्यांच्या वर्षात बसवली आणि सगळं उलटं झालं. ज्याला मी मोरी म्हणत होते तो झरा निघाला. होन्नगट्टीत पिल्लं जन्मायची, त्यातली निम्मी जगायची, मेलेल्यांची जागा भरून दरवर्षी दोनेक लांडगे बाहेर पडायचे. त्या चार माळांवर जे लांडगे दिसतात ते तिथूनच गेलेले आहेत. ज्यांना राखा म्हणून मी लिहिलं, ते माळ तुझ्या कावलाच्या जिवावर उभे होते. आता कावलाभोवती भिंत आहे आणि दोन गोदामांचे खांब वर आलेत.

पुढचं लिहायला हात उचलत नाही, पण तुझ्यापासून आता काही लपवायचं नाही असं ठरवलंय. संगणकात आम्ही पुढची वर्षं हजारो वेळा खेळून बघतो, दर वेळी नशीब थोडं वेगळं धरून. मी दहा हजार वेळा खेळले. कावल बंद धरून, चार माळ आहेत तसे धरून. नऊ हजार सातशे वेळा पंधरा वर्षांच्या आत पाचही ठिकाणी लांडगा उरला नाही. राहिलेल्या तीनशे वेळांत बहुतेकदा एखादाच उरला. मी मृत्यू कमी करून पाहिले, हायवेवर कोणीच मरत नाही असंही धरून पाहिलं. वर्षं वाढली, शेवट तोच आला.

हे सगळं घेऊन वेणुगोपाल सरांकडे गेले. ते आमच्या गटाचे प्रमुख, अहवालावर त्यांची सही माझ्या वर आहे. त्यांनी शांतपणे पूर्ण वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, 'आयितल्ला, मेघाश्री.' झालं ना आता. मला वाटलं, रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

मग म्हणाले, 'हे मी पाठवलं तर काय होईल, विचार कर. जमीन परत मिळणार नाही, तिथे खांब आहेत. पण खात्याला कळेल की ते चार माळसुद्धा टिकणारे नाहीत. न टिकणाऱ्या जागा राखायच्या कशाला, असं विचारतील. तुझ्याच जुन्या अहवालात लिहिलंय, अशी जागा सोडून द्यावी. मग तेही जातील. जुना अहवाल चुकीचा आहे, पण निदान चार माळ धरून ठेवतोय.'

मी खुर्चीत बसून त्यांच्या बोलण्यातली चूक शोधत राहिले. मला एकही सापडली नाही. खोटं ठेवलं तर माळ राहतात आणि लांडगे जातात, खरं सांगितलं तर दोन्ही जातात. सर वाईट माणूस नाहीत, अण्णा. तीस वर्षं त्यांनी हेच काम केलंय.

तरी मी माझ्या एकटीच्या सहीने खात्याला पत्र लिहिलं. फक्त एवढंच मागितलं की पूर्वेकडच्या कोपऱ्यातलं, बिळं आहेत त्या तुझ्या बाभळींजवळचं काम पावसाळ्यापर्यंत थांबवा. आठ दिवसांनी उत्तर आलं, नोंद घेतली आहे.

आईला मी काही सांगितलेलं नाही. ती विचारते, योगीचं पत्र आलं का. तू लिहीत का नाहीस?

मेघा


९ जानेवारी २०२५

अण्णा,

कावलात एक मादी आहे.

मी स्वतः पाहिली. माझ्याबरोबर काम करणारी रक्षिता होती, तिच्या दुर्बिणीतूनही पाहिली. भिंतीच्या आत पूर्वेला पायाची माती उपसून ढीग घातलाय, घराएवढ्या उंचीचा. त्या ढिगात तिने बीळ केलंय. बाकीचे कुठे गेले कळत नाही, नर दिसला नाही. सकाळी उन्हं आली तेव्हा ती बाहेर येऊन बसली, आणि आतून बारीक आवाज येत होते. ढीग बाभळींच्या जवळ आहे, तिचं जुनं बीळ तिथेच असणार. तुला लगेच ओळखता आली असती, मला सगळ्या सारख्याच दिसतात.

मी तिथूनच खात्यातल्या अधिकाऱ्याला फोन केला. काम दोन महिने थांबवा, पिल्लं बाहेर पडली की आम्ही बघू. तो नम्रपणे बोलला. म्हणाला, 'मॅडम, कागद तुमचाच आहे. सहा वर्षांत तिथे एकही पिल्लू जन्मलं नाही असं तुमच्या संस्थेने लिहून दिलंय. दुरुस्त अहवाल आणा, मी आजच्या आज थांबवतो.' दुरुस्त अहवालावर सर सही करत नाहीत. मी पुन्हा त्यांच्या घरी गेले, त्यांच्या बायकोसमोर रडले. ते म्हणाले, 'एका बिळासाठी चार माळ?' मी म्हटलं, 'ते चार माळ असेही पंधरा वर्षांत रिकामे होणार.' ते म्हणाले, 'पंधरा वर्षं कमी नाहीत.'

आणि आता ते लिहिते, ज्याच्यासाठी ही सगळी पत्रं लिहीत होते आणि जे प्रत्येक पत्रात टाळत होते.

मला माहीत होतं.

फेब्रुवारी २०२३. अहवाल द्यायला महिना उरला होता. शेवटचे फोटो काढायला मी होन्नगट्टीला आले आणि तू मला बाभळींपाशी नेलंस. तुझ्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता, जणू घरी बारसं आहे. बिळाच्या तोंडाशी चार पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढत होती. मी बोट दाखवून म्हणायला लागले, एक, दोन, तर तू माझा हात खाली केलास. 'मोजू नकोस मेघा, अजून आठ दिवस आहेत.' मी हसले. त्याच क्षणी मला सगळं कळलं. शून्यं कुठून आली, पोलिओची बाई, आई, सगळं. आपण एकाच घरात वाढलो, मला कळायला दोन क्षणही लागले नाहीत.

परतीच्या वाटेवर होसकोट्याला तू मला बसमध्ये बसवून दिलंस. केआर पुरमपर्यंत मी ठरवलं होतं की सरांना सांगायचं. सांगितलं असतं तर सहा वर्षांचं काम नव्याने करायचं, अहवाल वर्षभर पुढे जायचा. माझी नेमणूक मार्चमध्ये संपत होती, अहवालाशिवाय ती वाढणार नव्हती. घरी पोचेपर्यंत मी स्वतःला पटवलं की एकदा पाहिलेली चार पिल्लं म्हणजे पुरावा नव्हे. आमच्या नियमात तसं आहेच. नियम खरा आहे, मी त्याच्या आड लपले.

मला वाटलं होतं, अहवाल कपाटात पडून राहील. आमचे बहुतेक अहवाल कोणी उघडत नाही. हा एकच उघडला.

म्हणून तू निघून गेलास, हे मला जिन्यातच कळलं होतं. तुझ्या मोजणीवर सगळं ढकलून पहिलं पत्र लिहिलं तेव्हाही माहीत होतं. तू कोणालाच सांगितलं नाहीस की मेघाने पिल्लं पाहिली होती. आईलासुद्धा नाही. मला तुझी लाज वाटायची, अण्णा, माझा भाऊ दहावी पास आणि तंबूत राहतो म्हणून. आता मला स्वतःची लाज वाटते आणि ती कुठे ठेवायची कळत नाही.

हे मिळेल त्याच रात्रीच्या गाडीने निघालास तर दुसऱ्या दिवशी पोचशील. ती मादी तुला ओळखते. माती उपसायचे मशीनवाले तुझं ऐकतील, तू तिथे सहा वर्षं राहिलास. मी सांगितलेलं कोणी ऐकत नाही. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी ये.

मेघा


२ फेब्रुवारी २०२५

अण्णा,

काल मामांनी खानापूरला येऊन फोन केला. माझं नऊ तारखेचं पत्र तुम्हाला एकोणतीसला मिळालं म्हणे. संक्रांतीत पोस्टमन आजारी होता, टपाल पेटीतच पडून होतं. मी स्पीड पोस्ट करायला हवं होतं. करणार होते, त्या दिवशी रांग मोठी होती म्हणून साधं टाकलं.

मामा म्हणाले, पत्र वाचून तू दोन दिवस गोठ्यात बसून होतास, मग येऊन त्यांना म्हणालास, 'मेघाला विचारा, पिल्लं राहिली का.' आठ महिन्यांनी तू पहिल्यांदा माझं नाव घेतलंस. आई समोर होती, तिने माझ्या तोंडाकडे बघून पदर डोळ्यांना लावला, तिला वाटलं तू येतोयस.

मामा मग हळू आवाजात म्हणाले, 'पोरी, तो नीट जेवत नाही. काही बरं असेल ते सांग. एखादं राहिलंय म्हण, मी सकाळच्या गाडीत बसवतो त्याला. एकदा तिथे आला की तू समजाव.' मी त्यांना म्हटलं, पत्राने कळवते. फोनवर मला जमलं नसतं.

सतरा तारखेला सकाळी मशीन आलं. आम्हाला कोणी कळवलं नाही, रक्षिता नेहमीसारखी बघायला गेली होती म्हणून कळलं. मी पोचेपर्यंत अर्धा ढीग सपाट झाला होता. मी मशीनपुढे उभी राहिले. चालवणारा माणूस घाबरला, खाली उतरला, म्हणाला, 'मेडम, इल्लि एनू इल्ला.' इथे काही नाही. त्याला खरंच माहीत नव्हतं. मी हाताने माती काढायला लागले तेव्हा तोही फावडं घेऊन आला. दोघांनी मिळून उकरलं. तीन सापडली. तिन्ही मेलेली होती, अंग अजून ऊन होतं.

मादीने त्याआधी एक उचलून नेलं होतं. रक्षिताने तिला तोंडात पिल्लू धरून भिंतीच्या फटीतून जाताना पाहिलं, रस्ता ओलांडून निलगिरीच्या झाडीत. आम्ही तीन दिवस त्या झाडीत फिरलो. मामांशी बोलताना हेच जिभेवर आलं होतं. एक नेलं होतं, हे खोटं नाही. तेवढंच सांगून थांबले असते तर आज तू गाडीत असतास.

चौथ्या दिवशी ते सापडलं. पाल्यावर निजवल्यासारखं ठेवलं होतं. दूध न मिळाल्याने गेलं असणार, की थंडीने, मला सांगता येत नाही. तू असतास तर सांगितलं असतंस. मादी चोवीस तारखेपर्यंत भिंतीभोवती फिरताना दिसली. त्यानंतर नाही.

मला तू हवा आहेस, अण्णा. आईला हवा आहेस. घरी येऊन मला हवं ते बोल, बोलू नकोस, पण ये, असं म्हणावंसं वाटतं. पण तू ते विचारलेलं नाहीस.

तू विचारलंस, पिल्लं राहिली का. नाही राहिली. एकही नाही.

मेघा